कट्ट्याखालचे दोन मीटर

माझ्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि कुणी सापडला असं मी सांगितलं, तर साडू स्वतः जाऊन खात्री करून येतील. जन्मभर त्यांनी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले आणि त्यातून ते एकच गोष्ट शिकले, की कागदावर सगळेच रस्ते रुंद असतात. त्यामुळे त्यांच्या खिशात रुमाल नसला तरी पाच मीटरचा टेप असतोच. माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारं कुणीतरी हवं म्हणून मी त्यांना बरोबर नेलं. पोहे यायच्या आत त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" वडील अभिमानाने म्हणाले, "चोवीस तास." साडू उठले, आत जाऊन मोरीतला नळ सोडून आले आणि मगच त्यांनी बशीला हात लावला. लग्न जमलं, पण त्या घरात त्यांना अजून 'नळवाले काका' म्हणतात.

या वेडाला कारण आहे. फार वर्षांपूर्वी डोंबिवलीबाहेर, शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गल्लीत त्यांनी घर घेतलं. सामानाच्या टेम्पोतून उतरता उतरता ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, बिल्डरच्या माणसाला विचारलं, "इथे पाणी येतं ना हो?" तो म्हणाला, "येईल की." ते यायला सहा वर्षं लागली. तोवर टँकर यायचा आणि ताई दुसऱ्या मजल्यापर्यंत कळश्या वाहायच्या. त्यांना मध्ये टेकता यावं म्हणून साडूंनी गेटाशी, कंपाउंडच्या भिंतीला आतून लागून, स्वतःच्या हाताने विटांचा कट्टा बांधला. पुढे नळाला पाणी आलं, पण तोवर ताईंचे गुडघे गेले होते. कट्टा मात्र राहिला. संध्याकाळी दोघं तिथे बसत आणि शेजारी जमिनीतून वर आलेल्या एका दगडावर चहाचे कप ठेवत. साडू त्या दगडाला दर दिवाळीला गेरू लावत. मी कोपरीहून रविवारी गेलो की माझा चहाही तिथेच व्हायचा, आणि चहाबरोबर टाकीची पातळी ऐकावी लागायची. कारण रोज सकाळी सोसायटीच्या टाकीत खुणा केलेली बांबूची काठी बुडवून ते जिन्यातल्या फळ्यावर लिहायचे, 'आज अडीच फूट. चादरी उद्या.' बायका त्यांना हसायच्या आणि चादरी उद्याच धुवायच्या.

चार-एक वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाच्या माळाला पत्र्यांचं कुंपण पडलं. सात टॉवर होणार होते. त्यांची ये-जा याच गल्लीतून आणि पाणी याच लाइनीवरून. सोसायटीतली मंडळी म्हणाली, टॉवरच नकोत. साडू म्हणाले, "येऊ देत की माणसं. आपणही आलोच होतो. फक्त त्यांच्या बायकांनी कळश्या वाहायच्या नाहीत, आणि आपल्या बायकांनी परत नाही." मग त्यांनी पालिकेत इतके अर्ज दिले, की तिथला शिपाई त्यांना बघून आपणहून खुर्ची पुढे करू लागला. त्यांचा मुख्य मुद्दा होता, की नकाशावरची नऊ मीटरची गल्ली प्रत्यक्षात नऊ नाहीच. शेवटी एका सकाळी पालिकेचे इंजिनीअर साहेब आणि बिल्डरचा एक अतिशय नम्र तरुण पाहणीला आले. साडू इस्त्रीचा शर्ट घालून हजर होते. टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन त्यांनी दोन टप्प्यांत रुंदी मोजली. सात मीटर भरली. "दोन मीटर कुठे गेले, विचारा यांना," साडू म्हणाले. त्या मुलाने जुना नकाशा उघडला, गेटातून आत डोकावला आणि गेरू लावलेल्या दगडाकडे बोट करून हळूच म्हणाला, "काका, हद्दीचा दगड तो आहे. दोन मीटर तुमच्या कंपाउंडच्या आत आहेत."

आयुष्यभर जगाचं मोजलं, पण पायाशी टेप लावायचं साडूंना सुचलं नव्हतं. सुरुवातीला समोर नुसतं गवत होतं, म्हशी आत शिरायच्या, म्हणून कुणीतरी भिंत पुढे घेऊन घातली आणि सगळे विसरले. त्यांनी दगडापासून भिंतीपर्यंत टेप लावून बघितला. मग साहेबांना म्हणाले, "आत आहेत. लिहून घ्या. आठ दिवसांत भिंत मागे जाईल." साहेबांची पाठ वळताच सोसायटीचे सेक्रेटरी वैतागले. "काय काका, गप बसायचं ना. आता त्यांनाच रस्ता मोकळा मिळाला." साडू एवढंच म्हणाले, "दुसऱ्याचं मोजायला गेलो होतो ना मी?"

पुढच्या रविवारी गवंडी भिंतीला लागले, पण कट्ट्याला साडूंनी कुणाला हात लावू दिला नाही. घण त्यांनी स्वतः घेतला. मी घमेली उचलत होतो. ताई वरून गॅलरीतून बघत होत्या. रडतील असं मला वाटलं, पण त्या म्हणाल्या, "अहो, टोपी घाला, ऊन आहे."

त्यानंतर साडूंनी साहेबांना पुन्हा बोलावलं. "आता नऊ आहेत, मोजा. आणि आता या नऊमध्ये सात टॉवरच्या गाड्या, शाळेच्या बसेस आणि आगीचा बंब कसा वळतो ते मला दाखवा." पहिल्या वेळी सारखे घड्याळ बघणारे साहेब त्या दिवशी तासभर उन्हात उभे राहिले. टाकीतली काठीसुद्धा त्यांनी वाकून बघितली. मला नियमातलं काही कळत नाही, पण स्वतःचा कट्टा फोडून आलेल्या माणसाला उडवून लावणं त्यांना जमलं नसावं. परवानगीत अट पडली, की हमरस्त्याकडून स्वतंत्र रस्ता आणि स्वतंत्र पाण्याची लाइन झाल्याशिवाय एकाही घराचा ताबा द्यायचा नाही. ती पाळली जाते की नाही हे साडू रोज टेप घेऊन बघत होते, हे सांगायला नको.

गेल्या महिन्यात पहिल्या टॉवरमध्ये लोक राहायला आले. मी त्या दिवशी तिथेच होतो. सामानाचा एक टेम्पो चुकून जुन्या गल्लीत शिरला आणि त्यातून एक बाई उतरली. कडेवर पोर, हातात देवांचा डबा. साडूंना बघून तिने विचारलं, "काका, इथे पाणी येतं ना हो?"

साडू म्हणाले, "येतं. मी स्वतः बघून आलोय." आणि सवयीने, तिला जरा टेका म्हणायला, त्यांनी मागे हात केला. तिथे आता नुसता रस्ता होता.