पुन्हा दहा मिनिटं

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. खेळाच्या मॅडमची नोकरी माझ्या एका ओळीनं गेली.

तुम्ही त्यांना सौंसरच्या आमच्या शाळेच्या मैदानावर पाहिलं असतं, तर आधी हसला असता. साडीवर बूट, पदर खोचलेला, एक गुडघा मातीत टेकवलेला. कंबर हळूच पुढे सारायच्या आणि तशाच बोलायच्या, "जांघेत ताण आला पायजे, पोरींनो. पाठ वाकवून मले फसवू नका."

त्या पांढुर्ण्याहून बसनं येत. अतिथी शिक्षक, दर वर्षी नव्यानं बोलावलं तरच नोकरी. रोज आधी मैदानाला दोन फेऱ्या, मग पाय झुलवणं, मग हा गुडघा. मी घाई केली की म्हणत, "सर, तुमची मोटरसायकल थंडीत चार किका खाते. ह्या तं हाडामासाच्या पोरी हायेत."

शाळेच्या खेळांच्या दिवशी त्यांनी पोरींचं अंग वेळेवर गरम करून ठेवलं. पाहुणे आले तासाभरानं. मग हार, भाषणं. तोवर पोरी थंडीत सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या. कार्यक्रम माझ्याकडे होता, शिट्टीही.

"सर, पुन्हा दहा मिनिटं द्या. बसून बसून आखडल्या पोरी."

"मॅडम, पाहुण्यांले जामसांवलीले दर्शनाले जायचं हाय. उशीर होऊन राहिला. झालं ना तुमचं एकदा करून?"

"पळायचं तुम्हाले असतं, तं समजलं असतं."

मी हसलो आणि शिट्टी वाजवली.

पहिल्याच वळणावर नववीतली एक मुलगी जांघ धरून खाली बसली. स्नायू फाटला होता. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत येऊन ओरडले. प्राचार्यांनी माझ्याकडून लेखी मागितलं. मी आमच्या सरकारी कामकाजाच्या हिंदीत एक ओळ लिहून दिली, 'दौड़ से पहले वार्मअप नहीं कराया गया.' आधी एकदा झालं होतं, आणि दुसऱ्यांदा मीच करू दिलं नाही, यातलं काहीच लिहिलं नाही.

मॅडमनी तो कागद ऑफिसात उभ्या उभ्या वाचला. भांडल्या नाहीत.

"सर, तुम्ही तं तिथंच होते ना?" एवढंच म्हणाल्या, आणि बस पकडायला गेल्या.

नव्या सत्रात त्यांना बोलावलं नाही. परवा पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर दिसल्या. माझ्याकडे नीट पाहिलं, ओळखलं, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे गेल्या.

ती मुलगी बरी झाली, पळतेही. प्राचार्य तेच आहेत, मीही त्याच शाळेत आहे. मॅडमनी वेळ मागितला होता आणि मी तो नाकारला, हे मला प्राचार्यांना लेखी द्यायचं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.