गणिताच्या सरांनी काढलेली होडी

आमच्या शाळेत सगळ्या विषयांत कला शिरली ती एका सोमवारी, प्रार्थनेनंतर. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्टाफरूममध्ये आल्या आणि म्हणाल्या की यापुढे प्रत्येक विषय कलेच्या अंगानं शिकवायचा, वरून तसं आलंय. वरून म्हणजे कुठून, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर तर फक्त प्रयोगशाळा आहे आणि तिला कुलूप असतं.

मी या शाळेत चित्रकला शिकवते. केस काळे होते तेव्हापासून शिकवते. पनवेलमधली जुनी मराठी शाळा, मुलं निम्मी गावातली, काही करंजाड्याच्या नव्या इमारतींतली, काही नेऱ्याकडून बसनं येणारी. चित्रकलेचा तास ही आमच्याकडे सार्वजनिक मालमत्ता. कोणाचा धडा राहिलाय, घ्या चित्रकलेचा तास. गॅदरिंगचा नाच बसवायचाय, घ्या. लस टोचायला माणसं आली, तर तीही माझ्याच तासाला येत. त्यामुळे त्या सोमवारी सगळ्या स्टाफरूमनं माना वळवून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला अक्षरशः गुदगुल्या झाल्या.

पुढचे काही दिवस शाळेत कलेचा नुसता सुळसुळाट झाला. मराठीच्या बाईंनी समासांवर लावणी बसवली. तत्पुरुष समासाला नऊवारी नेसवली होती. पीटीच्या सरांनी कवायतीत हस्तमुद्रा घातल्या, त्यामुळे ‘सावधान’ म्हटलं की मुलं आशीर्वाद दिल्यासारखी उभी राहू लागली. आणि ज्याला काहीच सुचलं नाही, त्यानं वारली काढली. इतिहासात वारली, भूगोलात वारली, विज्ञानाच्या तक्त्यावर ते बिचारे काडीचे लोक हातात हात घालून अन्नपचन करत होते.

मला ते बघवेना. माझा एक रोग आहे: वाकडं दिसलं की मी ते सरळ करते. लोकांच्या घरी गेले तरी भिंतीवरची तसबीर सरळ करून मगच बसते. विज्ञानाच्या बाईंचं आतडं पाहिलं आणि म्हटलं, द्या इकडे. घरी नेलं, लोकर आणली आणि असं आतडं विणलं की ते पाहून भूक लागावी. मग इतिहासाच्या बाई आल्या. त्यांचा किल्ला मोदकासारखा झाला होता. मी कर्नाळ्याचा सुळका करून दिला, बुरुजासकट. मग गणिताचे सर आले, वर्तुळाची प्रमेयं घेऊन. त्यांच्या मी रांगोळ्या केल्या, रंग भरले आणि खाली त्यांच्या नावाची चिठ्ठीही सुबक अक्षरात मीच लावली. कोणी भजी आणून देत होतं, कोणी नुसतं ‘बाई, तुमच्या हाताला काय जादू आहे’ म्हणत होतं. भज्यांपेक्षा मी त्या वाक्यावर जास्त जगले, हे खरं.

मग संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. अध्यक्ष म्हणजे मिठागरवाल्या घरातला माणूस. वडिलांनी उन्हात मीठ ओढलं, आता यांच्या करंजाड्यात इमारती उभ्या आहेत. पांढरे बूट घालतात, पण शाळेवर जीव आहे, कारण ते इथेच शिकले. व्हरांड्यातून फिरताना ते एकेका भिंतीपाशी थांबून एकेका शिक्षकाची पाठ थोपटत होते. आतड्यासाठी विज्ञानाच्या बाईंची, सुळक्यासाठी इतिहासाच्या बाईंची. रांगोळ्यांपाशी तर ते गणिताच्या सरांना म्हणाले की तुमच्यात एवढा कलाकार दडलाय, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सरांनाही ठाऊक नव्हतं. ते लाजून जमिनीकडे बघत राहिले आणि मी मागे उभी राहून मनातल्या मनात माझंच कौतुक गोळा करत राहिले.

दोन दिवसांनी मोठ्या बाईंनी मला चहाला बोलावलं. आमच्याकडे मोठ्या बाईंचा चहा म्हणजे वाईट बातमी, आणि बिस्कीट असेल तर फार वाईट. क्रीमचं बिस्कीट होतं. त्यांनी सांगितलं की अध्यक्ष भारावून गेलेत. आता सगळेच शिक्षक कलाकार झालेत, प्रत्येक विषयात कला आलीये, मग चित्रकलेचा वेगळा तास कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलंय. जूनपासून ते तास गणिताला द्यायचे. मी ग्रंथालय सांभाळायचं आणि लहान वर्गांना कागदकाम शिकवायचं. आमचं ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि एक हरवलेली किल्ली. आठवीच्या गणिताचा एक नमुना तास अध्यक्ष बघणार होते आणि तो बघून पक्कं ठरवणार होते.

मी बिस्कीट तसंच ठेवून उठले. इतकी चिडले होते की घरी पोहोचेपर्यंत कोणावर चिडलेय, हेच ठरेना. अध्यक्षांवर, मोठ्या बाईंवर की लोकरीच्या त्या आतड्यावर? नवरा म्हणाला, सरळ सांगून टाक की सगळं मी केलंय. सांगितलं असतं, पण मग विज्ञानाच्या बाई, इतिहासाच्या बाई, सगळ्यांचं पितळ भर व्हरांड्यात उघडं पडलं असतं. त्या माझ्या डब्यातलं खाणाऱ्या बायका. आणि तास गेला तर मी कोण उरणार, हा विचार पाठ सोडत नव्हता. त्या तासापलीकडे शाळेत माझं असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गणिताचे सर कागदाची गुंडाळी घेऊन आले. नमुना तासाला गुणोत्तर-प्रमाण घ्यायचं होतं आणि त्यांना फळ्याच्या आकाराची एक होडी हवी होती, खलाशासकट, ‘तुमच्या पद्धतीनं’. मी म्हटलं, माझा हात दुखतोय. त्यांनी विचारलं, कुठे दुखतोय? मी म्हटलं, सगळीकडे. ते बिचारे कागद घेऊन परत गेले आणि मला फार बरं वाटलं. मनात म्हटलं, आता बुडा.

तासाच्या दिवशी अध्यक्ष, मोठ्या बाई आणि संस्थेचे आणखी दोघं मागच्या बाकांवर बसले. मीही भिंतीला टेकून उभी राहिले. सर खडू घेऊन फळ्याकडे वळले आणि त्यांनी होडी काढली. होडी कसली, उलटी पडलेली चप्पल होती. त्यात त्यांनी खलाशी उभा केला. खलाशाचं डोकं शिडाएवढं आणि पाय होडीच्या निम्मे. वल्हं काढलं ते झाडूसारखं. मी आयुष्यात एवढं वाईट चित्र पाहिलं नव्हतं, आणि मी पहिलीचे वर्गही घेतलेत.

मग कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळा वर्ग फुटला. सरांचे कान लाल झाले. तिसऱ्या बाकावरून एक जण म्हणाला की सर, हा माणूस शिंकला तरी होडी बुडंल. दुसरी म्हणाली, सर, तो बसणार कुठं, त्याचा पायच मावत नाय. मला वाटलं, आता सर डस्टर आपटतील. पण घाबरलेला माणूस कधीकधी शहाण्यासारखं वागतो. सर म्हणाले की मग तुम्हीच सांगा, केवढा पाहिजे तो.

आणि मग जे सुरू झालं, ते मी माझ्या एकाही तासाला पाहिलं नव्हतं. खरी होडी केवढी असते, यावरून भांडण. कोणी म्हणालं वीस फूट, कोणी तीस. खाडीकाठच्या मुलांनी बाकीच्यांना गप्प केलं. माणूस साडेपाच फूट धरला, तर फळ्यावर तो केवढा यायला हवा, याचं गणित मुलं बाकांवर चढून करत होती. दोघं फळ्यावर पट्टी लावत होते, एक जण सरांचा खलाशी पुसत होता, एक जण ‘डोकं नको पुसू, डोक्यावरून मोज’ म्हणून ओरडत होता. एरवी गुणोत्तर म्हटलं की माना टाकणारा वर्ग अपूर्णांकांवरून एकमेकांच्या अंगावर जात होता. घंटा झाली तरी कोणी हललं नाही. मला आनंद झाला, पण टोचलंही, कारण सरांना माझी काडीचीही गरज लागली नव्हती. माझा रुसवा माझ्याच अंगाशी आला होता.

मोठ्या बाईंच्या खोलीत सरांना आणि मला बोलावलं. अध्यक्ष खुर्चीत टेकून बसले होते. ते सरांना म्हणाले की तास झकास झाला, पण मागच्या वेळी तुमच्या रांगोळ्या एवढ्या देखण्या होत्या, मग आज असं का झालं?

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “त्या रांगोळ्या बाईंच्या होत्या. व्हरांड्यातलं सगळंच बाईंचं आहे. माझं म्हणाल, तर ही होडी.”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “मंग आज का नाय काढून दिली तुमी?”

“रागानं,” मी म्हटलं. “माझे तास काढून घेताय म्हणून. पण बरंच झालं. मी काढली असती तर होडी सुंदर झाली असती आणि पोरं गप्प बसली असती. व्हरांड्यातल्या त्या आतड्याकडे बघून एका तरी पोरानं काही विचारलंय का, बघा.”

अध्यक्षांनी विचारलं की मग तुमच्या तासाला पोरं काय करतात. मी म्हटलं, आजवर माझं बघून काढत आलीत. यापुढे त्यांचं ते काढतील, खलाशी होडीएवढा झाला तरी चालेल, पण त्यासाठी तास माझ्याकडे हवा, कारण चुकायला वेळ लागतो आणि गणिताच्या सरांना पोर्शन संपवायचा असतो. सरांनी जोरानं मान हलवली. अध्यक्ष मोठ्या बाईंना म्हणाले की तास राहू द्या, पुढल्या वर्षी बघू. या वेळी मी बशीतलं बिस्कीट खाल्लं, त्या दिवशी ते साधं होतं.

खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. सहावीला विज्ञानात प्राण्यांचे अवयव चालले होते आणि मी माझ्या तासाला सांगितलं की ज्याला जो प्राणी ठाऊक असेल, तो त्यानं काढावा. मासळी बाजारात आईबरोबर बसणारी एक मुलगी चिंबोरी, म्हणजे खेकडा, काढत होती. चिंबोरीला सहा पाय होते आणि तोंडावर माणसासारखं हसू. ती कागद घेऊन आली आणि म्हणाली, बाई, बिघडली, तुमी नीट करून द्या. माझे हात असे शिवशिवले की मी ते पाठीमागे घट्ट धरून ठेवले. नाही म्हटलं. तिनं माझ्याकडे एखाद्या दुष्ट बाईकडे बघावं तसं पाहिलं आणि पाय आपटत जागेवर गेली.

पुढच्या तासाला ती डब्यात जिवंत चिंबोरी घेऊन आली. झाकण उघडलं आणि अर्धा वर्ग बाकांवर चढला. मीही चढले, लपवत नाही. ती मात्र जमिनीवर पालथी पडून तिच्या नांग्या बघत होती, पाय कुठून फुटतात ते बोटानं हवेत गिरवत होती, खोडत होती, पुन्हा काढत होती. घंटा व्हायच्या आत तिनं कागद माझ्यासमोर धरला. कवच एका बाजूला कललं होतं, एक नांगी दुसरीच्या दुप्पट झाली होती. पाय मात्र सगळे होते आणि ती चिंबोरी कागदावरून चालत निघाल्यासारखी दिसत होती. नकळत मी तिच्या हातातल्या पेन्सिलीकडे हात नेला. तेवढं कवच सरळ केलं असतं.

तिनं कागद मागे ओढला.

“नको बाई,” ती म्हणाली. “ही माजी हाय.”