गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईस

आमच्या मामेसासऱ्यांइतकं जग पालथं घातलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि ते आयुष्यात कारंजाच्या बाहेर एकदाच पडले, तेही जेमतेम तळेगावपर्यंत. निमित्त माझ्याच लग्नाचं होतं. बायकोला वडील नव्हते, म्हणून वर्ध्याच्या ख्रिस्ती देवळात तिचा हात धरून तिला आत आणण्याचा मान मामाजींचा होता. नवा कोट चढवून ते मोटारीत बसले. तळेगावला मोटार चहासाठी थांबली, तिथे चिंचा विकणारी एक म्हातारी बसली होती, आणि तिच्या बोलण्यातल्या एका शब्दावरून मामाजींना वाटलं की ही मूळची बैतूलकडची असणार. ते उतरले. मोटार गेली, वर्ध्यात उपासना सुरू झाली, नवरी दारात खोळंबली, शेवटी पाळकसाहेबांच्या मेव्हण्याने तिला आत आणलं. मामाजी संध्याकाळच्या मोटारीने परत कारंजाला! पुढे मी रागावून विचारलं, तेव्हा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, लगन तं कोनाचंही होऊनच जाते. तशी बुढी पुन्हा कुठं भेटते?"

ते मिशनच्या शाळेतले निवृत्त मास्तर. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या निम्म्या घराण्यांचा इतिहास मोठ्या दुष्काळात अनाथाश्रमात आलेल्या एखाद्या लेकरापाशी येऊन थांबतो. आजोबांचं नाव सॅम्युएल, त्यांच्या बापाचं नाव 'अज्ञात', पुढे अंधार. त्या अंधारात मामाजी ओसरीवरच्या खुर्चीतून पोस्टकार्डं फेकत. जबलपूरची नर्स, पुण्याचा कंपोझिटर, भुसावळचा गार्ड, सगळे त्यांना लिहीत, "मास्तर, आमचं गाव कोणतं?" मग मामाजींची प्रश्नावली जाई, आणि ती वाचून माणूस चक्रावून जाई. तुमच्या आजीला कोणती भाजी वर्ज्य होती? कोणतं झाड तोडू देत नसे? रडताना कोणाच्या नावाने रडे? आजोबा जेवताना पहिला घास कुठे ठेवीत? एकाने कळवलं की आजी चिडली की विळा उलटा ठेवायची. तेवढ्यावरून मामाजींनी त्याचं गाव आर्वी तालुक्यात शोधून दिलं. कसं, ते मला आजही कळलेलं नाही.

खरी गंमत त्यांच्या पत्त्यांत होती. सरकारी दप्तरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागद सायबाचं सांगते," ते म्हणत, "बुढी आपलं सांगते." म्हणून ते उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड पाठवत आणि पत्ता घालत: 'गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईस. पोस्टमास्तर किंवा गुरुजी यांनी मोठ्याने वाचून दाखवणे व ती सांगेल तसे उत्तर लिहिणे.' टपालखात्याने असली कार्डं कचऱ्यात टाकायला हरकत नव्हती. पण ती पोचत! काही गावांत म्हणे आपणच सर्वांत म्हाताऱ्या, असं सांगत दोघीतिघी पोस्टात येऊन भांडत. आमच्या पाळकसाहेबांनी एकदा मोठ्या हौसेने आपलं घराणं शोधायला दिलं. आपण कुठल्यातरी दिवाणांचे वंशज असावेत असा त्यांचा वहीम होता. उत्तर आलं, 'पहिल्या पंगतीला बसून शेवटच्या पंगतीतून उठे, तोच ना यांचा पणजोबा? आमची सासू त्याच्या नावाने कणीक मळताना अजून चार मुठी जास्त घेई.' मामाजींनी ते कार्ड जसंच्या तसं पाळकसाहेबांना धाडलं. पुढचे तीन रविवार पाळकसाहेबांनी नम्रतेवर उपदेश केला.

मी हसायचो. मास्तरांचा म्हातारपणाचा नाद, एवढंच मला वाटे. ते हसू रूथबाईंनी थांबवलं.

रूथबाई वर्ध्याच्या मिशन वसतिगृहाच्या जुन्या अधीक्षिका. फार कडक बाई. मुली त्यांच्या चपलांच्या आवाजाने अभ्यासाला लागत. एका दुपारी त्या वर्ध्याजवळ पिपरीला आमच्या घरी आल्या, पाणीही न घेता बसल्या आणि बायकोला म्हणाल्या, "तुह्या मामाले एक लिहायचं आहे. मले घरानं नोको, गाव नोको. दुष्काळात मह्या भावाचा हात मह्याच्यानं सुटला. चार वर्साचा होता. तो मेला का जगला, मरायच्या आंधी एवढं समजलं पाह्यजे." सगळा जन्म ही बाई आपण भावाला टाकून आलो असं समजत होती, आणि हे कोणाला माहीत नव्हतं.

रूथबाई स्वतः लहानपणी याच वसतिगृहात अनाथ म्हणून आल्या होत्या; तिथल्या जुन्या वहीत त्यांचं जन्मगाव 'बोरखेडी' लिहिलेलं होतं. मामाजींची कार्डं बोरखेडीला गेली आणि तीनदा उत्तर आलं की असं घर आमच्या गावात कधी नव्हतंच. मग मला हुकूम सुटला, वहीचं ते अख्खं पान उतरवून पाठवा. पाठवलं. उलट टपाली कार्ड: 'जावईबापू, पानावर बावीस लेकरं, अन् बाविसांचंही गाव बोरखेडी! एवढुशा गावात लेकरं पावसासारखी पडली का? तिथं दुष्काळात सडकेची गिट्टी फोडायचं सरकारी काम चालू होतं. चहूकडून लोक आले. लेकराले विचारलं, कुठून आली? ते म्हणे, बोरखेडीवरून. सायबानं जन्मगाव म्हणून तेच लिहिलं.' साठ वर्षं ती वही वसतिगृहाच्या कपाटात होती. अनेक शिकलेल्या माणसांनी ती चाळली होती, मी स्वतः चाळली होती. एकालाही हे दिसलं नव्हतं.

पुढचा प्रश्न आला, अंगावर गोंदण आहे काय? रूथबाईंच्या डाव्या हातावर विंचू होता. मी त्याचं चित्र काढून धाडलं. लगेच विचारणा: 'पाय मोजून काढले का अंदाजानं?' मी अंदाजानेच काढले होते, दोन्हीकडे चार. ओशाळून पुन्हा गेलो आणि त्या कडक बाईंचा हात धरून विंचवाचे पाय मोजले. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला तीन. बोरखेडीपासून पायी दोन दिवसांच्या वाटेवर जेवढी म्हणून गावं होती, त्या प्रत्येक गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईस सात पायांचा विंचू काढलेलं कार्ड गेलं. प्रत्येक विंचू मामाजींनी स्वतः काढला होता. दीड महिन्याने हिंगणीहून गुरुजींच्या अक्षरात उत्तर आलं: 'बुढी म्हणते, आठव्या पायाले पोरीनं हात ओढला अन् पळाली. गिरजा तिचं नाव. दुष्काळात हरपली. तिचा भाऊ इथेच आहे.'

हिंगणी! वर्ध्यापासून सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला पोचेल इतकं जवळ.

मामाजी अर्थातच आले नाहीत. भाऊ आला. जंगलखात्यात मजुरी करून वाकलेला, गेल्याच वर्षी घरादारासह बौद्ध झालेला, पांढरंशुभ्र धोतर नेसलेला म्हातारा. वसतिगृहाच्या ओसरीवर दोघं समोरासमोर बसली. रूथबाई म्हणाल्या, "मह्याच्यानं तुहा हात सुटला रे."

म्हातारा चपापला. "तुह्याच्यानं? नाई बाई. हात म्याच झटकला. म्या पयालो, अन् तू मले पाहाले गेली ते गेलीच. माय जगली होती आपली. मरेपर्यंत मलेच बोलली, तुह्याच्यापायी मही गिरजा गेली म्हणून. साठ वर्सं झाली, मले वाटते, बहिनीले म्याच गमावलं."

मला वाटलं, आता ही बाई कोसळणार. पण त्यांचा आवाज वसतिगृहात चढायचा तसा चढला. "काऊन पयाला होता रे तू?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "तिकडं भाकर वाटून राह्यले होते."

"मंग भेटली का?"

"अर्धी भेटली," तो म्हणाला. "तुह्यासाठी ठेवली होती. मंग खाल्ली."

मग मात्र रूथबाई रडल्या. मीही रडलो, लाज कसली त्यात.

त्याच दुपारी मी हे सगळं बारीक अक्षरात कार्डावर लिहून कारंजाला पाठवलं. उलट टपाली उत्तर देणाऱ्या मामाजींचं आठ दिवस काही आलं नाही. नवव्या दिवशी कार्ड आलं. मजकूर एवढाच होता: 'जावईबापू, कार्ड पोचलं. वाचून वाचून पुसलं. आणखी एक लिहा. तेच लिहा.'

मी बसलो आणि पहिल्यापासून पुन्हा तेच लिहिलं.