पिवळं पीठ

सन २०२३. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. माझ्या किरनापूरच्या घरी भाड्यानं राहणारी एक मॅडम रोज सकाळी ओसरीत पोरींले गणित शिकवायची. प्रत्येक वाक्यामागं "हौ ना?" म्हणायची आणि खडूच्या बोटानं कपाळ पुसायची.

फळ्यावर दोन गोल काढायची. आत टाकायचं ते प्रांत, बाहेर निघते ते परिसर, आणि मधातले बाण म्हणजे फलन. मी खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसायचो. ते बाण मले बगळ्यांसारखे दिसत, धानाच्या एका बांधीतून उडून दुसऱ्या बांधीत अलगद उतरणारे.

एक दिवस ती म्हणाली, "चक्कीत गहू टाकला तं दरवेळी तेच पीठ निघते. हेच फलन. हौ ना?"

"नाही," मी बोललो. चौथी नापास असलो तरी चक्की चाळीस वर्षं चालवली. "आधी हळद दळली असन, तं त्याच गव्हाचं पीठ पिवळं निघते."

पोरी हासल्या. मॅडम नाही हासली. तिनं फळा पुसला आणि खडू माझ्यापुढं धरला. "मी चुकली, आबाजी. तुम्हीच दाखवा."

माझं जोडाक्षर आजही चुकते. पोरींपुढं लाज जाईन म्हणून हात मागं घेतला. तिनं ते पाहिलं, हळूच म्हणाली, "अक्षर नको. बाणच काढा."

मी एका गव्हातून दोन बाण काढले, एक पांढऱ्या पिठाचा, एक पिवळ्या.

"पाहा," ती पोरींले म्हणाली, "एकातून दोन निघाले. हे फलन नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून मी पोरींच्या आधी सतरंजीवर जाऊन बसलो. माझ्या बुढीनं विचारलं, तं सांगितलं, "मॅडम चुकते. लक्ष ठेवा लागते."