पाळीवरचा फोन

आमच्या गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येते. म्हणून सकाळीच ज्याचा त्याचा फोन पिशवीत घालून पाळीवरच्या मोहाच्या झाडाला टांगायचा आणि आपापल्या कामाला लागायचं. तिथे एक म्हातारे गृहस्थ शेळ्या चारतात, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. फोन वाजला की उचलतात, निरोप ऐकतात आणि संध्याकाळी घरोघरी सांगतात. कोणाची पोरगी बाळंत झाली, कोण वारलं, सगळं आम्हाला त्यांच्याच तोंडून कळतं. म्हणून एकाही फोनला लॉक नाही. माझ्याही नव्हतं. मी अंगणवाडीत शिकवते, बायकांना जमवून 'ओटीपी कोणाले सांगू नका' असं घसा कोरडा होईपर्यंत सांगते, आणि माझाच फोन झाडावर उघडा लोंबत होता. काय म्हणायचं या शहाणपणाला!

यंदा माझ्या मुलीने नर्सिंगचा फॉर्म भरला. मार्क चांगले होते. पहिल्या पसंतीला जिल्ह्याचं सरकारी कॉलेज टाकलं होतं आणि ते मिळणार, अशी आम्हा दोघींची खात्री होती. फॉर्मला नंबर माझाच दिलेला.

यादी लागली त्या दिवशी आम्ही सिंदेवाहीला कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. मुलीला लागलं होतं कुठलंसं लांबचं खाजगी कॉलेज. नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं आणि फी आमच्या ऐपतीबाहेरची. त्याने फॉर्म उघडून दाखवला. कोणीतरी आत शिरून आमची पसंती पुसली होती, एकच कॉलेज टाकलं होतं आणि फॉर्म पक्का करून टाकला होता. "खाजगीवाल्यांचे दलाल असेच करून राह्यले बाई," तो म्हणाला. "पण ओटीपी त तुमच्याच फोनवर आला. कोणं देला?"

दुसऱ्या दिवशी प्रवेशाच्या ऑफिसातही तेच ऐकवलं. तुमच्या फोनवरून गेला म्हणजे तुम्हीच दिला. अर्ज लिहा. मी तीन टेबलांवर तीन अर्ज लिहिले, तिन्ही पालथ्या घड्यावर पाणी. मुलीचं वर्ष गेलं. फॉर्मवरचा माझा फोन नंबर दलालाच्या हाती कसा लागला, हे सांगायला कोणी तयार नव्हतं.

ओटीपी कोणी दिला ते मला विचारावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी भाऊच अंगणात आले.

"झालं का पोरीचं काम? त्या दिवशी कालेजवाल्याचा फोन आलता, तुमाले सांगाचंच राह्यलं. म्हने नंबर आला असन त लवकर सांगा, नाई त पोरीची सीट जाते. मी लगेच तुमच्या फोनवर आलेला नंबर पाह्यलो अन् वाचून देलो."

"भाऊ, मी सांगतलं होतं ना, ओटीपी कोणाले सांगाचा नाई?"

"तो बँकेचा ना बाई. हा त कालेजचा होता."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण करणार काय? माझं बाळंतपण अडलं होतं तेव्हा याच माणसाने पाळीवरून गाडी बोलावली होती. माझी ही पोरगी त्यामुळे जिवंत आहे. त्यांच्या तोंडावर मला बोलवेना.

"झालं भाऊ काम," मी म्हणाले.

ते खूश होऊन निघाले. मला वाटलं, मी मोठं मन दाखवलं.

मुलगी दाराआड उभी होती. दोन दिवस ती रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही.

"आई, खोटं काऊन बोलली तू? शेजारच्या पोरीचाही फॉर्म आहे. तिचा फोनही तेच उचलतेत. उद्या तिलेही असंच खुशीनं वाचून देतीन."

मी भाऊंच्या मागे धावले.