कावळा शिवेपर्यंत

एका सकाळी केळ्यांचे घड टेम्पोत चढवून बाबा "जरा खाडीकडे जाऊन येतो" म्हणून निघाले, ते आलेच नाहीत. सायकल तेवढी बांधावर सापडली. गावाने त्यांना केव्हाच बुडवून टाकलं. आईने मात्र कुंकू पुसलं नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघून मग त्याला गेलेला धरायचा, अशी आमच्याकडची रीत. ती वर्षं सरली तसा धाकट्या काकाने क्रियाकर्माचा विषय काढला. आई हटून बसली. शेवटी ठरलं, सर्वपित्रीला नुसतं पान ठेवायचं. कावळा शिवला तर पुढचं सगळं करायचं, नाही शिवला तर काकाने पुन्हा तोंड उघडायचं नाही.

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी विरारच्या फ्लॅटला कुलूप लावून मी सकाळीच गावी, सांडोरला पोचले.

आईने वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं बाबांच्या आवडीचं रांधलं. काकाने पान पडवीच्या पत्र्यावर ठेवलं. कावळे लगेच आले आणि कुंपणाच्या भिंतीवर बसून राहिले. एरवी हातातला घास पळवणारी ही जात, पण एक ओरडेल तर शपथ! खीर उन्हात सुकत चालली. ते पानाकडे बघतच नव्हते, आईकडे बघत होते.

काकाने हात जोडले. "दादा, वाडी विकनार नाय. वहिनीला काय कमी पडू देनार नाय."

एकही हलला नाही. आईचा चेहरा उजळला.

"बघा, ते हायेत कुठंतरी. मी सांगत नव्हते?"

मला तिचा रागही आला आणि कीवही.

वारा अजिबात नव्हता. तरी समोरच्या केळीचं एकच पान सावकाश हलत होतं. केळीच्या बागेत असं होतं, मला ठाऊक आहे. आई मात्र तिकडे बघतच राहिली. तिचं हसू ओसरलं. मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं ती हळूच म्हणाली,

"बरं. मी नाय बघनार वाट आता."

पत्रा खडखडला. सगळे कावळे एकदम पानावर उतरले होते.

काकाने सुस्कारा सोडला. मी आईला सावरायला धावले, पण ती रडत नव्हती. अंगणभर नजर फिरवत होती.

"एवढी वर्षं मी वाट बघत बसले," ती म्हणाली, "अन् ते इथंच उभे होते."