बर्फ न पडलेला डिसेंबर

मिरज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा अण्णा खिडकीचा गज धरून चार पावलं चालले. "दिवाळीला नाही जमलं तर नाताळात ये. साहेबाच्या देशात तेव्हा सुट्टी असते," म्हणाले. मी मान डोलावली. नेमकी नाताळातच रजा मिळणार नाही, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

सुमा, वर्षभर नॉटिंगहॅमला काढून मी स्कॉटलंडच्या डोंगरातल्या छोट्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डवर लागले, हे तुला माहीत आहे. वर उतारावर लोक स्कीइंग करायचे आणि पडले की खाली आमच्याकडे यायचे. सीझन डिसेंबरात सुरू होतो असं पत्रकात छापलेलं असे. खरा भरवशाचा बर्फ पडे जानेवारी उलटल्यावर. पण रोटा, म्हणजे आमच्या ड्यूट्यांचा तक्ता, पत्रकाप्रमाणे लागे. डिसेंबर उजाडला की सहसा कुणाला रजा नाही. पहिलं मोडलेलं मनगट आलं की सिस्टर आनंदाने ओरडायची, "सीझन्स ओपन, डॉक्टर!"

अण्णांना मी हे कळवलं तेव्हा त्यांना लगेच पटलं. साखर कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस. गळिताच्या दिवसांत ते स्वतःच्या वडिलांच्या, आपल्या आजोबांच्या, दहाव्यालासुद्धा अर्धा दिवस जाऊन आले होते. "हंगामात रजा मागायची नसते," हे आपण दोघी त्यांच्या ताटाशेजारी बसून शिकलो.

म्हणून अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात तू बूथवरून फोन केलास, "ताई, अण्णांना अ‍ॅडमिट केलंय, तू ये," तेव्हा मी म्हणाले, "सीझन सुरू झालाय गं." तू म्हणालीस, "अण्णापण तेच म्हणतायत."

त्या वर्षी बर्फ पडलाच नाही. डोंगर तपकिरी, लिफ्ट बंद, प्लास्टर रूम रिकामी. नऊ दिवस मी बँडेजच्या गुंडाळ्या लावल्या. दहाव्या दिवशी तुझा दुसरा फोन आला.

आमचा म्हातारा कन्सल्टंट भला माणूस. बाहेरच्या कोरड्या उताराकडे हात करून म्हणाला, "यू ओन्ली हॅड टू आस्क." मी "येस, सर" म्हटलं. रडू आलं नाही. कॅन्टीनमध्ये जाऊन अंडं आणि चिप्स खाल्ले, सगळे संपवले. विमानातही काही वाटलं नाही. तेराव्याला पोचले, पंगतीत वाढलं, परत आले.

याला आता दहा वर्षं होत आली. अजूनही आतून फारसं काही हलत नाही. रोटा आता मीच लावते, त्यामुळे रजा हवी तेव्हा मिळते. इथे पोरं आहेत, बाग आहे, गोडा मसाला लेस्टरहून येतो. तुझी पत्रं येतात. पोरांचे मार्क, नळाचं पाणी, कोणाचं लग्न ठरलं. पण 'कधी येतेस?' हे तू त्या दिवसापासून एकदाही विचारलेलं नाहीस. मीही विचारायला लावलं नाही.

माझ्यापुरतं घर आता तेवढ्या दोन शब्दांचं उरलंय, सुमा. लिहिलेस तर येईन. भर हंगामात येईन.